आधी आभार, मग दारं

अक्कलदाढ काढून झाल्यावर पेशंट काय म्हणतात ते मला तोंडपाठ झालंय. कुणी कण्हतं, कुणी आरसा मागतं, एका पैलवानानं तर "आई गं, मेलो" म्हणत माझा हातच धरून ठेवला होता. पण तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधिर, डोळ्यांतून पाणी वाहतंय, अशा अवस्थेत खुर्चीतून उठून, ब्लेझरचं बटण लावून, ताठ उभं राहून "आआ... आऊ... आआ" असं भाषण करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. माझी असिस्टंट घाबरली. मला वाटलं, इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली, आता धावाधाव. तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेली त्यांची बायको मासिकातून डोकंही वर न काढता म्हणाली, "काही नाही हो डॉक्टर, आभार मानतायत. होऊ द्या त्यांचं."

बोळा काढल्यावर त्यांनी ते सगळं पुन्हा म्हटलं. न जाणो, पहिल्या वेळी आम्हाला नीट कळलं नसेल! त्यात माझे आभार होते, असिस्टंटचे होते, ज्या कुणी भुलीचं औषध शोधलं त्याचे होते, आणि ड्रिल चालू असताना वीज गेली नाही म्हणून त्या घटकेला एकलहऱ्याच्या थर्मल स्टेशनात जो कुणी ड्यूटीवर असेल त्याचेही होते. शेवटी दाढेचे मानले. "इतकी वर्षं सेवा दिली बिचारीनं," म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

जाता जाता दारात थांबून म्हणाले, "आणि डॉक्टरबाई, आमच्या क्लबात आलात याबद्दल विशेष आभार."

"मी कुठं आले?"

"येणारच ना," असं म्हणून ते गेले. पुढच्या गुरुवारी मी संध्याकाळचे पेशंट पुढे ढकलून गंगापूर रोडवरच्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये हजर. मला अजून कळलेलं नाही मी का गेले. माणसानं एवढे आभार मानल्यावर न जाणं म्हणजे उसनं घेऊन बुडवल्यासारखं वाटत होतं.

क्लबात त्यांना पाठीमागे सगळे आभारकाका म्हणत, तोंडावर नुसतं काका. 

क्लबाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की तिथले लोक खूश होतील, आणि तेवढं पुण्य मला करायचं नाही. पण असे क्लब तुम्ही पाहिले असतील. सेवा हे ब्रीद, जेवण हा कार्यक्रम. आधी घंटा वाजायची. मग पाहुण्यांची ओळख. ओळख करून देणाऱ्याची ओळख. वाढदिवस. लग्नाचे वाढदिवस. कुणाच्या मुलाला परदेशात नोकरी लागली त्याचं अभिनंदन. एवढं होईतो पनीरचा वास हॉलभर पसरलेला असायचा आणि पाहुण्यांच्या वाट्याला जेमतेम "सन्माननीय अध्यक्ष" म्हणण्याइतका वेळ उरायचा. आणि मग काका उठायचे. ते उठले की केटरर मागे जाऊन गॅस बारीक करायचा.

कारण काका कुणालाही सोडत नसत. अध्यक्ष-पाहुणे तर झालेच, पण खुर्च्या मांडणारे, माइकवाला, जिन्यावर चपला बघत बसणारा वॉचमन, वाढपी, सगळ्यांचे आभार, आणि तेही नावानिशी. हातात चिठ्ठी नाही, काही नाही. एकदा माइकवाला आजारी होता, त्याच्या जागी भाचा आला होता. काकांनी भाच्याचे मानले आणि मामाला ताप आल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. लोक घड्याळं बघत, कुणी डिशा हातात घेऊन तयारीत. "काका, आवरा आता, पनीर निवतंय!" असं मागून कुणीतरी ओरडायचं. काका त्याचेही आभार मानायचे.

काकूंचं यावर एकच म्हणणं होतं. "रिक्षावाल्याचे आभार, एटीएमचे आभार, भाजी महाग लावली तरी भाजीवालीचे आभार. आणि घरात? इतकी वर्षं चहा करते, एकदा तरी म्हणाले का चांगला झाला म्हणून?" मी काकांना विचारलं. ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "अहो, तिचे मानायला बसलो तर क्लबात जायला वेळ कधी मिळायचा?" काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण त्या दिवशी मला चहाबरोबर चिवडाही मिळाला.

हे वेड आलं कुठून, तेही एकदा काकांनी सांगितलं. त्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याला कंट्रोल रूममध्ये गेली. "डॉक्टरबाई, दिवे लागले तेव्हा आम्हाला कुणी फोन केला नाही. गेले की सगळं नाशिक फोन करायचं. काय काय शिव्या ऐकल्यात! दिवाळीत घरचे फराळ करायचे आणि मी मीटरचे काटे बघत बसायचो, की बाबा, कुणाची दिवाळी अंधारात जाऊ नये. नाही गेली. पण दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं का, की काल वीज होती हो?" मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. मग त्यांनी ऐकून घेतल्याबद्दल माझे आभार मानले आणि माया थोडी कमी झाली.

तर क्लबाचं वार्तापत्र. दर महिन्याला निघायचं, गुळगुळीत कागदावर, रंगीत. डाव्या पानावर "झालेले उपक्रम", उजव्या पानावर "आगामी उपक्रम", आणि दोन्ही पानांवर अध्यक्षांचा फोटो. आमचे अध्यक्ष बिल्डर. माणूस वाईट नव्हता, पण फोटोग्राफर आल्याशिवाय त्यांना दयाच येत नसे. एका रविवारी आम्ही गोदाघाट स्वच्छ करायला गेलो, तर घाट आदल्याच दिवशी कुणीतरी झाडून लख्ख केलेला. आता फोटोत काय दाखवणार? शेवटी सचिवांनी गाडीच्या डिकीतून घरच्या कचऱ्याच्या पिशव्या काढल्या, पसरल्या, आणि आम्ही हातमोजे घालून तो कचरा भक्तिभावानं गोळा केला. वार्तापत्रात आलं: "गोदामाई झाली निर्मळ". शेजारी आगामी उपक्रम: "सभासदांसाठी विंचूर वाइन पार्कला अभ्यास सहल." अभ्यासाला मात्र शंभर टक्के हजेरी असायची हो!

विंचूरलाच काकांची खरी ताकद मला पहिल्यांदा दिसली. सहलीत नव्हे, कांदा मार्केटात. तिथं कांदा निवडणाऱ्या बायांसाठी डोळे तपासणीचं शिबिर होतं. कांद्याच्या ढिगाशेजारी डोळे तपासायचे, ही कल्पना अर्थातच अध्यक्षांची. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी. डोळ्यांचे डॉक्टर म्हणे, आजार कुठला आणि कांदा कुठला, ओळखू कसा? बाया सकाळपासून उपाशी उभ्या. उद्घाटनाला एक मोठे व्यापारी आले होते. शाल घेतली, नारळ घेतला, "समाजाचं ऋण" वगैरे बोलले, आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत निघण्याच्या बेतात होते. काका माइकवर गेले.

"आणि शेठजींनी," काका म्हणाले, "इथल्या सगळ्या माउलींना गरमागरम भजी आणि चहा दिला, याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार."

टाळ्या पडल्या. शेठजी माझ्या शेजारीच बसले होते. "मी कवा सांगितलं हो?" ते दबक्या आवाजात म्हणाले. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "शेठ, लय पुण्य लागंल तुमाला!" आता काय करता? शेठजींनी किल्ली खिशात घातली आणि माणसाला हाक मारली, "अरे, जा रे, भजी सांग. चहा पन सांग. सगळ्यांना." त्या बायांनी भजी खाल्ली तशी मी पंचतारांकित हॉटेलातही कुणाला खाताना पाहिलं नाही.

परतताना गाडीत मी म्हटलं, "काका, तुम्ही चुकलात. त्यांनी काही दिलंच नव्हतं."

"चुकलो? मग भजी कुणी दिली?"

"नंतर दिली!"

"मग झालं तर." काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "झालेल्या कामाचे आभार कुणीही मानतं हो. न झालेल्याचे मानायला छाती लागते."

ती चूक होती का डाव होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. इतका भाबडा चेहरा फक्त लहान मुलांचा असतो किंवा पट्टीच्या लबाडांचा.

पेठ तालुक्याकडच्या एका आश्रमशाळेत आम्ही दंत तपासणीला गेलो ती गोष्ट त्यानंतरची. तपासणी मी एकटीनं करायची, बाकीच्यांनी बॅनर धरायचा. काका आभाराला. मुलींची रांग लागली. काका प्रत्येकीला म्हणत होते, "तोंड उघडल्याबद्दल आभार हं, बाळ," आणि पोरी ओढणीत तोंड लपवून फिदीफिदी हसत होत्या. त्यांत यमुना नावाची नववीतली मुलगी होती. दात असे, की मी माझ्या असिस्टंटला बोलावून दाखवले. एक कीड नाही.

"काय खातेस गं?"

"नागलीची भाकर."

"छान. पुढच्या वर्षी दहावी ना?"

तिनं अधीक्षिकाबाईंकडे बघितलं. अधीक्षिका म्हणजे वसतिगृहाच्या बाई, सुरगाण्याकडच्या, वयानं लहान, पण मुलींची आई असल्यासारखी नजर. त्या म्हणाल्या, "मॅडम, दातांचं बघितलंत, बरं केलंत. पण एक दाखवू का? रागावू नका."

त्यांनी आम्हाला वसतिगृहाच्या मागे नेलं. न्हाणीघरांची रांग होती. भिंती होत्या, वर पत्रे होते, नळसुद्धा होते. चौकटी होत्या. दारं नव्हती. जुनी कुजली, ती काढली, नवी यायची आहेत, प्रस्ताव वर गेलाय. एका चौकटीला गोणपाट लटकवलेलं. समोर मैदान, मैदानापलीकडे मुलांचं वसतिगृह. मुली पहाटे उजाडायच्या आत गार पाण्यानं आंघोळ उरकायच्या. एकजण आत, दुसरी बाहेर चादर धरून. चादर धरणारीचे हात भरून आले की तिसरी.

"दिवाळीला घरी गेल्या त्यांतल्या काही परतल्याच नाहीत," अधीक्षिका म्हणाल्या. "आईबाप म्हणतात, मोठी झाली पोर, उघड्यावर कशी न्हाणार?"

"माझा बाप पन तेच म्हनतो," यमुना म्हणाली. ती आमच्या मागोमाग आली होती. "दार नाय तिथं पोर ठेवत नाय. शिमग्याला नेनार हाय मला."

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला शिकायचंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पन तो खोटं नाय बोलत."

मला इतका संताप आला, की कुणावर काढावा ते कळेना. त्या प्रस्तावावर, की त्या गोणपाटावर, की बाहेर बॅनरच्या घड्या घालत असलेल्या आमच्या मंडळींवर. काका एका रिकाम्या चौकटीत उभे होते. त्यांनी वरच्या बिजागरीच्या खाचेत बोट घालून पाहिलं आणि नुसतं "अरे देवा" म्हणाले.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. दारं द्यायची. एका बिल्डरच्या क्लबाला दारं देणं काय कठीण? अध्यक्षांच्या नव्या स्कीममध्ये एकेका फ्लॅटला तीन-तीन बाथरूम होती. मला वाटलं, माणूस म्हणेल, उद्याच पाठवतो.

"द्यायला काहीच हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण डॉक्टर, आपलं चिन्ह कुठं लावायचं?"

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. आमच्या क्लबाचा नियम असा, की जे देऊ त्यावर क्लबाचं चिन्ह आणि अध्यक्षांचं नाव हवं. बाकावर आहे, कचराकुंडीवर आहे, पाण्याच्या टाकीवर तर दोन्ही बाजूंनी आहे. पण न्हाणीघराच्या दारावर?

"संडास-बाथरूमच्या दारावर आपलं चिन्ह! शोभेल का?" सचिव म्हणाले.

"आणि खाली माझं नाव," अध्यक्ष म्हणाले. त्यांना खरोखर त्रास होत होता. 

"आतल्या बाजूनं लावा," कुणीतरी सुचवलं.

"मग ते फक्त आत बसलेल्यालाच दिसेल!"

"शिवाय फोटो कसा घ्यायचा? दारापुढं मुली उभ्या करून? बरं दिसत नाही ते," खजिनदार म्हणाले. अहाहा! मुली दाराशिवाय न्हातात ते बरं दिसत होतं, दारापुढं फोटो बरा दिसत नव्हता. मी हे बोलूनही दाखवलं. बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण सगळे एकदम सूपकडे वळले.

शेवटी ठरलं, की विषय महत्त्वाचा आहे, अभ्यास करू. तोवर शाळेला भिंतीवरची घड्याळं द्यावीत. घड्याळाच्या तबकडीवर चिन्ह छान बसतं. आभाराला काका उठले. सगळ्यांनी डिशा सावरल्या. काका बराच वेळ माइक धरून उभे राहिले आणि "आज काही नाही," म्हणून खाली बसले. केटररची तारांबळ उडाली. रोट्याच तयार नव्हत्या.

पुढच्या अंकात डाव्या पानावर घड्याळवाटप झळकलं. उजव्या पानावर मिसळ पार्टी, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, "आश्रमशाळेस साहाय्य: विचाराधीन". त्याच्या पुढच्या अंकातही तेच. मी अधीक्षिकाबाईंना फोन केला की त्या म्हणायच्या, "घड्याळं चांगली आहेत मॅडम. पहाटे किती वाजता उठायचं ते नीट कळतं." टोमणा होता का? असेलही. शिमगा जवळ येत होता.

मग आली प्रांतपालांची भेट. प्रांतपाल म्हणजे अशा सगळ्या क्लबांचे वरचे साहेब. वर्षातून एकदा येतात, काय काय केलंत ते बघतात, आणि त्यावरून उत्कृष्ट अध्यक्षाची ढाल ठरते. आमच्या अध्यक्षांचा त्या ढालीवर भारी डोळा. त्यांनी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये जागासुद्धा करून ठेवली होती, हे त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं. 

हॉल फुलांनी भरला. पडद्यावर उपक्रमांचे फोटो. निर्मळ गोदामाई, चष्मे घातलेल्या माउल्या, घड्याळं. प्रांतपाल झोप आवरत मान डोलावत होते. ते दिवसाआड असे फोटो बघत असणार. मग काका उठले.

सुरुवातीला नेहमीचंच. फुलवाला, वाढपी, माइकवाला आणि त्याची आता बरी झालेली तब्येत. मग त्यांनी अध्यक्षांकडे पाहून हात जोडले.

"आणि शेवटी आपल्या अध्यक्षांचे आभार. पेठकडच्या आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींच्या न्हाणीघरांना दारं नव्हती. पोरी चादरी धरून आंघोळी करत होत्या. शाळा सोडून जात होत्या. आपल्या अध्यक्षांनी तिथं सगळी दारं बसवून दिली. आणि पाहुणे, मोठेपणा असा, की त्यांनी सांगितलं, एकाही दारावर माझं नाव नको, क्लबाचं चिन्ह नको. मुलींची लाज झाकायची, आपली पाटी कसली लावता! असा अध्यक्ष मी पाहिला नाही. मनःपूर्वक आभार."

आम्हा कार्यकारिणीच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. मग प्रांतपाल स्वतः उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. झोप पार उडाली होती. "मी इतक्या क्लबांना भेट देतो," ते म्हणाले, "बाक दाखवतात, कमानी दाखवतात. हे पहिल्यांदा ऐकलं." त्यांनी अध्यक्षांना मिठी मारली. "मला बघायचंय ते. येत्या रविवारी जाऊ. उद्घाटन मी करतो."

मिठीतून अध्यक्षांचा चेहरा मला दिसत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही म्हणावं तर ढाल गेली, हो म्हणावं तर दारं कुठायत?

"हो, हो, या ना," अध्यक्ष म्हणाले.

प्रांतपालांची गाडी वळली न वळली तोच अध्यक्षांनी काकांना गाठलं. "काका, काय केलंत हे! भर सभेत! मी कधी बसवली दारं?"

"मी तर आभार मानले," काका म्हणाले.

"खोट्याचे आभार?"

"खोटं कशाला ठेवता?" काका म्हणाले. "रविवारला अजून वेळ आहे."

मी पुढे होऊन काहीतरी सावरणार होते. गरज पडली नाही. बिल्डर एकदा पेटला की पेटला. अध्यक्षांनी तिथल्या तिथं फोन लावला. साइटवरचे सुतार, मिस्त्री, पीव्हीसीची दारं भरलेला टेम्पो, सगळं दुसऱ्या दिवशी पेठच्या रस्त्याला. काका टेम्पोत पुढे बसून गेले. कड्या आतूनच हव्यात आणि प्रत्येक दाराला दोन हव्यात, असा त्यांनी हट्ट धरला. एक मोठ्या मुलींच्या हाताला येईल अशी आणि एक खाली, पहिलीतल्या पोरींसाठी. मिस्त्री वैतागला. "साहेब, बाथरूम आहे का बँक?" काकांनी त्याचे आभार मानले. त्यानं निमूटपणे खालच्या कड्याही ठोकल्या. 

रविवारी आम्ही गेलो. ब्लेझर, गाड्या, फोटोग्राफर. न्हाणीघरांच्या रांगेपुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फीत बांधलेली. दारांवर पाटी नव्हती हे खरं, पण अध्यक्षांनी शेजारी बांबूवर फ्लेक्स उभारलाच होता, "कन्या स्वाभिमान द्वार प्रकल्प". म्हटलं, असू दे. फ्लेक्स वाऱ्यानं उडतात, दारं राहतात.

मैदानाच्या कडेला आंब्याखाली यमुनाचा बाप बसला होता. अधीक्षिकांनी मला खुणेनं दाखवला. काळा, वाळका, डोक्याला टॉवेल, मांडीवर रिकामी पिशवी. शिमगा दोन दिवसांवर आलेला. तो पोरीला न्यायला आला होता. "मी सांगितलं त्याला, दारं आली म्हणून," अधीक्षिका म्हणाल्या. "तो म्हणतो, सायेब लोक आलेत म्हंजे फोटूपुरती आसतील. गेले का काढून नेतील."

आमचा इतिहास बघता माणूस काही चुकीचं बोलत नव्हता.

भाषणं सुरू झाली. ओळख. ओळख करून देणाऱ्याची ओळख. ऊन चढू लागलं. मुली मैदानात रांगेत बसलेल्या, हातात गुलाबाची फुलं. अध्यक्ष स्वाभिमानावर बोलत असताना मला दिसलं, की मागच्या रांगेतून यमुना उठली. तिनं फूल शेजारणीकडे दिलं, वसतिगृहाच्या भिंतीकडेनं गेली, बादली उचलली, फितीखालून वाकून आत शिरली आणि दार लावलं. मग दुसरी उठली. मग तिसरी. माइकवर अध्यक्ष, "आजची स्त्री कुठल्याही क्षेत्रात मागे नाही," आणि मागे एकेक दार बंद होतंय.

प्रांतपाल कात्री घेऊन फितीपाशी आले तेव्हा सगळी दारं आतून लागलेली होती. आतून पाण्याचा आवाज येत होता. कुणीतरी गुणगुणतही होतं.

अध्यक्षांनी एका दारावर हळूच टकटक केलं.

"आत हाय ना मी!" आतून यमुनाचा आवाज आला. चांगला ठणठणीत.

"मॅडम," अध्यक्ष अधीक्षिकांना म्हणाले, "जरा बाहेर बोलवा ना त्यांना. एकच फोटो. दोन मिनिटं."

"सर, मुली न्हातायत," अधीक्षिका म्हणाल्या.

"हो, पण—"

"ऐकलंत ना?" हा आवाज काकांचा. इतका करडा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "पोरी न्हातायत आणि आपण बापे दारात उभे? चला, मागं व्हा सगळे. तिकडं, आंब्याखाली. आणि तोंडं पलीकडं करा."

फोटोग्राफर म्हणाला, "सर, मी?"

"तू सगळ्यात आधी."

प्रांतपाल भला माणूस निघाला. कात्री तशीच हातात धरून सगळ्यांच्या पुढे चालू लागला. मग अध्यक्ष, सचिव, खजिनदार, सगळे निळे ब्लेझर आंब्याखाली जाऊन डोंगराकडे तोंडं करून उभे राहिले. मीही गेले. यमुनाचा बाप आमच्याकडे बघत होता. एवढे साहेब ओळीनं पाठ करून उभे राहिलेले त्यानं कधी पाहिले नसावेत.

पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. खूप वेळ. भर दुपारची, उजेडातली आंघोळ होती ती, पोरी कशाला घाई करतील? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आसपास एकही कांदा नव्हता.

बाप उठला. टॉवेल झटकला. पिशवीची घडी घातली, बारीक, आणखी बारीक, आणि बंडीच्या खिशात कोंबली. न्हाणीघरांकडे पाठ करूनच त्यानं विचारलं, "ही दारं ऱ्हानार?"

"राहणार," अध्यक्ष म्हणाले. ते डोंगराकडेच बघत होते. फोटोग्राफर शेजारी होता, पण त्यांनी त्याला खूण केली नाही.

"मंग मी निंगतो," बाप म्हणाला.

"अहो, पोरीला भेटा तरी," काका म्हणाले. "येईल आता बाहेर."

"नको. न्हाऊ द्या तिला," तो म्हणाला, आणि न्हाणीघरांकडे मान न वळवता मैदानाच्या कडेकडेनं रस्त्याकडे एकटाच चालू लागला.